रोलर, जेसीबी आणि लेकराचे कान

राणीसावरगावात आमच्या दारावरचा रस्ता रुंद करायला मशिनी आल्या, तेव्हा माझं लेकरू सव्वादोन वर्षांचं होतं. सकाळी उठलं की खिडकीचे गज धरून उभं. जेसीबी, रोलर, टिप्पर. दूध तिथंच, भात तिथंच. तोंडातून शब्द मात्र एक नाही. "आई" नाही, "पाणी" नाही. पाहिजे ती वस्तू बोटानं दाखवायची, संपलं.

सुरुवातीला आम्ही ते हसण्यावारी नेलं. चहाच्या वेळी घरातलं कोण कुठली मशीन, हे ठरवायचा नादच लागला. सासूबाई जेसीबी, यात कुणाचं दुमत नव्हतं. माझ्या लग्नात मानाची साडी हलकी आली, हे पाच वर्षांखाली पुरलेलं त्या दर महिन्याला उकरून काढतात. सासरे रोलर. हळू, पण एकदा निघाले की त्याच गोष्टीवरून पुढं-मागं, पुढं-मागं, समोरचा सपाट होईपर्यंत. नवरा टिप्पर. आठवडाभर बोलणार नाही, नुसतं भरून घेणार, आणि रविवारी सगळं एकदम ओतून मोकळा. आणि मी? सासूबाई म्हणाल्या, "टिप्पर मागं घेताना वाजतो की, तो भोंगा. माघार घेतानाबी वरडते ही." मला राग आला. खोटं नव्हतं म्हणून जास्तच आला.

मग एक दिवस शेजारच्या काकूंनी सहज विचारलं, "ऐकू यायलंय ना गं लेकराला?"

त्याच दुपारी लेकरू खिडकीत उभं असताना मी स्टीलचं ताट घेतलं आणि त्याच्या पाठीमागं उलथण्यानं वाजवलं. वळलं नाही. पुन्हा वाजवलं. मान हलली नाही. बाहेर जेसीबी खडी उपसत होता, त्या घरघरीत माझं ताट कुठलं ऐकू येणार, एवढं साधं त्या वेळी डोक्यात आलं नाही. मला एवढंच दिसलं की माझं लेकरू वळलं नाही. त्याला मशिनीच का आवडतात, याचं उत्तरही मी लावून टाकलं. त्यांच्याएवढा मोठा आवाज असला तरच त्याच्यापर्यंत पोचत असणार. त्या दिवसापासून मला घास गोड लागेना.

परभणीच्या कानाच्या दवाखान्यात सोमवारची वेळ मिळाली. आदल्या दिवशी, रविवारी, मशिनी बंद होत्या. लेकरू घरात फरशीवर आपला प्लास्टिकचा टिप्पर फिरवत बसलं होतं, आमच्याकडं पाठ करून. आणि आमच्यात सुरू झालं.

सासूबाई म्हणाल्या, "आधी पोखर्णीला नरसिंहाच्या पायावर घालूत. दवाखाना काय पळून जायलाय का?"

"मामी, वेळ मिळालीय. मी उद्या जाणार म्हणजे जाणार," मी सासूबाईंना म्हणाले.

"तुज्या माहेरात कोन उशिरा बोललंय, ते इचार आधी," असं म्हणत त्यांनी माझ्या दोन पिढ्या उकरल्या. सासरे, "आरं, पण आपला थोरला लेकबी तीन वर्सांनीच बोलला," हे चौथ्यांदा सांगायला लागले. नवऱ्यानं आठवडाभराचं ओतलं. रस्त्याची धूळ, माझा मोबाइल, आईचे उपास, सगळं. मी त्याच्यावर आवाज चढवला. चौघंही एकदम बोलत होतो आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

लेकरानं टिप्पर खाली ठेवला. वळून आमच्याकडं बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

दारात जेसीबी घरघरत असताना ज्यानं कधी कान झाकले नव्हते, त्यानं ते आमच्यामुळं झाकले.

भांडण तिथंच थांबलं. घर शांत झाल्यावर त्यानं हात काढले आणि ते पुन्हा खेळायला लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान ठणठणीत आहेत, बोलायला जरा वेळ लागेल, पण बोलेल. खरा जीव भांड्यात पडला तो मात्र त्या रविवारीच.

रविवारी लेकरू पुन्हा खेळायला लागलं तसे सासरे त्याच्याजवळ फरशीवर बसले. त्याच्या चिमुकल्या हातांकडं बघत हळूच म्हणाले, "भांडा बरं आजून थोडं. खात्री होऊ द्या."

मी सासूबाईंकडं बघितलं तर त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला.

"भांड की गं," त्या म्हणाल्या, आणि मला जवळ ओढलं. पाच वर्षांत पहिल्यांदा आम्हा दोघींना भांडायला एक शब्द सापडेना.