चुलीपुढं कोण बसतं

व्यंकटी गवंडी भागवतरावांना पहिल्यांदा भेटला तो उलटा. म्हणजे पाय आभाळाकडे आणि डोकं भागवतरावांच्या धुराड्यात.

लोह्याच्या शाळेतली कारकुनी आटोपून भागवतराव फाट्यावर उतरले, तेव्हा घराच्या माळवदावर त्यांना दोन पाय दिसले. धुराड्याच्या तोंडातून वर आलेले, पोटऱ्यांपर्यंत काळे, अंगठे हलणारे. घरासमोर तीन हजार माणसं जमली होती. गावाची लोकसंख्या बाराशे आहे, पण भागवतराव ही गोष्ट सांगत तेव्हा आकडा तीन हजारांच्या खाली कधी उतरला नाही. एका म्हातारीने त्या पायांसमोर नारळ ठेवला होता. बांधाच्या भांडणावरून सात वर्षं न बोललेले दोन भाऊबंद एकाच ओट्यावर बसून, एकाच बिडीचे झुरके घेत वर बघत होते. फुटाणेवाला तर माळेगावची जत्रा अर्धी टाकून आला होता. जत्रा भरते थंडीत आणि ही गोष्ट मे महिन्यातली, पण हे कुणी काढलं की भागवतराव म्हणत, "तुमी व्हता का तिथं?"

लोकांना बाजूला सारत भागवतराव स्वयंपाकघरात शिरले, चुलीपुढं गुडघे टेकले आणि मान वाकडी करून धुराड्यात वर पाहिलं. अंधारात, बरंच वर, दोन पांढरे डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"कोण हाय?" भागवतरावांनी विचारलं.

"व्यंकटी. गवंडी. तुमी बाजारात निरोप ठिवला व्हता."

"मग दारानं यायचं का न्हाई?"

"दारानं आलं तर दाराचं दुखणं कळतंय, मालक. धुराड्याचं कळत न्हाई." मग ते डोळे जरा लुकलुकले. "एक सांगा. ह्या घरात चुलीपुढं कोण बसतंय?"

"बसणार कोण? आमची मंडळी."

"मग त्यान्ला बोलवा. इचारायचं हाय."

भागवतरावांना हसू आलं. घर त्यांचं, धुराडं त्यांच्या बापाचं, मजुरी तेच देणार, आणि हा काजळीत बुडालेला माणूस बायकोला बोलवा म्हणतो. जे काय विचारायचं ते मला विचार, असं त्यांनी सांगितलं. "बरं," असं म्हणून व्यंकटी वर निघाला, आणि बाहेर तीन हजार माणसांची निराशा झाली.

त्या धुराड्याची थोडी हकिकत सांगायला हवी. भागवतरावांचे वडील शेषेराव तरुणपणी नांदेडच्या गिरणीत कामाला होते. तिथली उंच चिमणी बघून बघून त्यांच्या मनात असं भरलं, की गावी परतून घर बांधताना त्यांनी चुलीमागच्या भिंतीतून वर काढून स्वयंपाकघरावर पक्क्या विटांचं आणि चुन्याचं, माणसाच्या दीड उंचीचं धुराडं चढवलं. पंचक्रोशीत लोक माळवदाला भोक पाडून वर फुटकं मडकं पालथं घालत, तेव्हाची ही गोष्ट. गिरणी केव्हाच बंद पडली. धुराडं मात्र उभं होतं आणि त्याच्यावरून पत्ते सांगितले जात. भागवतरावांना तर गाव 'धुराडे भागवत' म्हणायचं. हे चिडवणं आहे असं त्यांना चाळीस वर्षांत एकदाही वाटलं नाही.

अडचण एवढीच, की ते गळायचं. आमच्या भागात पाऊस येत नाही तेव्हा येत नाही, आणि येतो तेव्हा चार दिवसांत सगळी थकबाकी भरून जातो. अशा पावसात पाणी त्या विटांच्या सांध्यातून झिरपून थेट चुलीपाशी उतरायचं. भागवतरावांच्या बायकोचं, मनकर्णाबाईंचं, म्हणणं साधं होतं: पाडा. भागवतरावांचं म्हणणं त्याहून साधं होतं: न्हाई. व्यंकटी आला तो या दोन म्हणण्यांच्या मधोमध.

व्यंकटी हिमायतनगरकडचा. अंगाने असा सडपातळ, की देवाने त्याला धुराड्याचं माप घेऊनच घडवला असावा. गॅस आला, स्लॅब आले, तसे त्याच्या हाताला शोभेल असं काम देणारी घरं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली. पण व्यंकटीचा तोरा काही कमी झाला नाही. सिमेंटला तो हात लावत नसे. "जुन्या विटेला सिमेंट म्हंजे म्हाताऱ्याला जीन पँट," म्हणायचा. "दिसाय झ्याक. बसला की फाटती." त्याचा चुना दहा दिवस खड्ड्यात भिजायचा. मग त्यात चाळलेली वाळू, विटांचा चुरा, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी पडायचं. गूळ कितपत झाला हे तो बोट चाटून ठरवायचा. भागवतरावही चाटायचे. दोघं चुन्याच्या खड्ड्याकाठी उकिडवे बसून, आचाऱ्यासारखे माना हलवत, अजून खडाभर टाकावा की नको यावर अर्धा अर्धा तास घालवायचे.

भागवतराव एरवी घुम्या माणूस. शाळेत हेडमास्तरांशी बोलायचे ते फाईलमधून. पण दर मे महिन्यात व्यंकटीची पिशवी ओसरीवर पडली की त्यांना वाचा फुटायची. ते रजा टाकायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळून माळवदावर विटा पोचवायचे, ओळंब्याची दोरी धरायचे, आणि रस्त्याने जाणाऱ्याला वरून हाका मारून काम दाखवायचे. व्यंकटी त्यांना घरच्या भावासारखा ओरडायचा. "मालक, ओळंबा धरून राहिले का घंटी वाजवून राहिले?" भागवतरावांना ते इतकं आवडायचं, की ते मुद्दाम ओळंबा हलवायचे.

काम संपलं की पहिली भाकरी गवंड्याची, हा व्यंकटीच्या बापापासूनचा रिवाज. मनकर्णाबाई कापसाची ओली पऱ्हाटी पेटवायच्या, कारण सुक्या जळणाचा धूर कसाही वर जातो, परीक्षा ओल्याची. धूर सरळ वर गेला की भाकरी तव्यावर पडायची. व्यंकटी चुलीसमोर मांडी घालायचा, ज्वारीची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल घ्यायचा. पहिला घास तोंडात घालण्याआधी तो दरवर्षी विचारायचा, "बरं हाय का, वैनी?" मनकर्णाबाई परातीतून मान वर न करता म्हणायच्या, "बरं हाय." मग तो जेवायचा. बाजूला पाटावर बसलेल्या भागवतरावांचे डोळे त्या वेळी भरून यायचे. धूर सरळ वर जात असूनही.

आणि दरवर्षी, मोठा पाऊस झाला की, धुराडं गळायचं.

मुसळधार नाही. एकच धार, करंगळीएवढी. चुलीच्या डाव्या हाताला, हंडा ठेवायच्या दगडावर. मनकर्णाबाई तिथं पातेलं ठेवायच्या आणि ओसरीकडे तोंड करून म्हणायच्या, "आली तुमची गंगा. पाडा आता ते." भागवतरावांचं उत्तर तयार असायचं. यंदा पाऊसच तिरपा होता. यंदा वानरांनी वीट हलवली. यंदा गुळात भेसळ होती. एका वर्षी त्यांनी किल्लारीच्या भूकंपालाही जबाबदार धरलं, तो होऊन वीसेक वर्षं झाली होती. शेवटी ते म्हणायचे, "चूक माझ्या बापाची असंल. देवाची असंल. व्यंकटीची न्हाई." आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा निरोप धाडायचे.

असं चौदा वर्षं चाललं. व्यंकटीच्या पोरीच्या लग्नात भागवतरावांनी पंगतीत वाढलं. भागवतरावांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा व्यंकटी नांदेडच्या दवाखान्यात तीन दिवस पायरीवर बसून होता. भागवतरावांना सख्खा भाऊ नव्हता. व्यंकटीमुळे तो नसल्याचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

मग तो सप्टेंबर आला. चार दिवस, चार रात्री पाऊस थांबला नाही. सोयाबीन पाण्याखाली गेलं, ओढा रस्त्यावर आला, आणि स्वयंपाकघरातलं पातेलं तासाला भरू लागलं. पाचव्या दिवशी सकाळी जरा उघाड पडली. ओढ्याला पाणी, व्यंकटीला बोलावणार कसं? भागवतराव स्वतःच मेणकापड घेऊन माळवदावर चढले. चौदा वर्षांत धुराड्याला ओळंब्याशिवाय त्यांनी हात लावला नव्हता.

बाकीचं धुराडं ठणठणीत होतं. सांधे असे घट्ट, की नख शिरेना. भागवतरावांचा ऊर भरून आला. मग बुडाशी, मागच्या अंगाला, एका विटेवर त्यांचा हात पडला आणि ती वीट पुस्तकासारखी अलगद बाहेर आली.

आत भोक होतं. पडलेलं नाही, केलेलं. चुन्याने आतून गुळगुळीत घोटलेलं, काचेसारखं. त्यात कौलाचा एक अर्धगोल तुकडा बसवला होता, बेताचा उतार देऊन, म्हणजे पाणी भिंतीत मुरू नये आणि चुलीवरही पडू नये. नेमकं हंड्याच्या दगडावर जावं. इतकं सुबक काम त्या अख्ख्या धुराड्यात दुसरं नव्हतं. कडेला बोटाचे ठसे होते, थरावर थर. दरवर्षी ते नव्याने घोटलं गेलं होतं. त्या वेळी आपण पलीकडच्या अंगाला ओळंबा धरून उभे होतो, हे भागवतरावांना आठवलं.

तिसऱ्या दिवशी ओढा उतरला. कौलाचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, दोन बस बदलून ते व्यंकटीच्या गावी गेले. वाटेत त्यांनी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. व्यंकटी अंगणातला चिखल ओढत होता. भागवतरावांनी तुकडा त्याच्यापुढं धरला.

व्यंकटीने हात धोतराला पुसले, तुकडा घेतला, उलटासुलटा केला. यात्रेत चुकलेलं पोर सापडल्यावर बाप बघतो तसा.

"काढताना कड तर न्हाई ना उडाली?" त्याने विचारलं.

भागवतराव ठरवलेलं सगळं विसरले. "तू केलंस हे?"

"हाव."

"चौदा वर्षं?"

"हाव."

"कशापायी, व्यंकटी? माझं काय चुकलं? मी तुला कधी परका म्हणलो?"

व्यंकटीने बोटाने तुकड्याची कड चाचपली. मग म्हणाला, "मी पयल्याच दिशी इचारलं व्हतं, मालक. चुलीपुढं कोण बसतंय म्हणून. आमच्या कामात मजुरी मालकाची आन् शबूद चुलीपुढल्या माणसाचा. धूर त्याच्या डोळ्यात जातोय ना. माझ्या बापानं मरताना हातावर हात मारून घेतलेलं हाय ते. तुमी बोलवून दिलं न्हाई, मग मी मागल्या दारानं जाऊन इचारलं. वैनी म्हणल्या, धूर सरळ जाऊ दे, पण पाणी गळलं पायजे. म्हणल्या, गळलं की कंटाळून पाडतील."

"आन् तू ऐकलंस."

"मला काय ठावं, तुमी कंटाळणारच न्हाईत म्हणून? मला वाटलं एक पावसाळा. लई तर दोन." त्याने तुकड्यावरची माती अंगठ्याने पुसली. "दरसाली भाकर खायच्या आधी इचारत व्हतो की त्यान्ला, तुमच्यासमोर. त्या नको म्हणल्या असत्या तर तवाच उठून बुजवलं असतं."

बरं हाय का, वैनी. बरं हाय. भागवतरावांनी चौदा वेळा ऐकलं होतं, चौदा वेळा त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दोघांमध्ये पाटावर बसून ते ठेचा पुढं सरकवत होते. गळतीचं त्यांना एवढं लागलं नाही. विश्वासघात काळोखात होतो असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा भर दुपारी, त्यांच्याच चुलीसमोर, त्यांच्याच ताटावर झाला होता, आणि वर त्यांनीच आग्रह करून वाढलं होतं. व्यंकटीच्या बायकोने चहा आणला. भागवतरावांनी तो घेतला नाही. त्या घरचा चहा त्यांनी पहिल्यांदाच नाकारला होता. व्यंकटीने तुकडा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवला.

घरी आले तेव्हा मनकर्णाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि ओळखलं.

"मला सांगता येत नव्हतं तुला?" भागवतराव म्हणाले. आवाज त्यांना हवा तेवढा चढला नाही.

"चौदा वर्सं सांगून राहिले. तोंडानं सांगितलं तर तुमाला ऐकू गेलं न्हाई. पाण्यानं सांगितलं तर तुमी गवंडी बोलावला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "लगीन होऊन आले तवापासून ह्या काळ्या भिंतीकडं तोंड करून बसलेय. तुमच्या बापाच्या चिमणीनं सगळी भिंत खाल्ली. मला तिथं एक खिडकी पायजे व्हती. लई मोठी न्हाई."

भागवतराव त्या भिंतीकडे बघत उभे राहिले. आपण या बाजूला तोंड करून कधी बसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यामुळे मनातलं काही कमी झालं नाही. उलट, रागवायला आता एकही धड माणूस उरला नव्हता. ते ओसरीवर जाऊन बसले. जेवायला हाक आली तेव्हा भूक नाही म्हणाले, आणि तासाभराने गुपचूप उठून जेवले.

एप्रिलमध्ये धुराडं पाडलं. पाडायलाही व्यंकटीच आला, कारण शेजारची भिंत न हलवता ते उतरवणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. दोन दिवस लागले. भागवतरावांनी रजा टाकली नाही. ते सकाळी शाळेत गेले आणि संध्याकाळी, व्यंकटीची बस गेल्यावर, परत आले. मनकर्णाबाईंनी त्याला नव्या गॅसवर भाकरी करून वाढली. "बरं हाय का, वैनी?" असं त्याने विचारलं की नाही, हे भागवतरावांनी चौकशी करूनही कुणी सांगितलं नाही.

स्वयंपाकघरावर लोह्याच्या एका ठेकेदाराने स्लॅब टाकला, भिंतीला खिडकी बसवली. जुलैपासून स्लॅब गळतो. धार खिडकीपाशी पडते.