सतरा नंबरचं पान

मिलिंद गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी डोंबिवलीत भाजी घेत होतो. पहिला विचार मनात आला, तो आता सांगायला लाज वाटते. वर्षभर मी बोलत नाही म्हणून हा काहीतरी नाटक करतोय... नाटक नव्हतं. सकाळी घरी छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलेलं.

आम्ही दोघं मुरबाडपलीकडच्या जंगलातल्या एका विचित्र शर्यतीला जायचो. पाच फेऱ्या, आखलेली वाट नाही, हातात नुसता नकाशा. सुरू कधी होणार ते कोणी सांगत नाही. आयोजक काका चुलीवर चहा ठेवतात, तो उतू गेला की पळायचं. डोंगरात दगडांखाली जुनी पुस्तकं लपवलेली असतात. दर फेरीला नवा नंबर मिळतो, प्रत्येकातून त्या नंबराचं पान फाडून आणायचं, एक जरी कमी पडलं तरी बाद. मग काका थाळी बडवतात. पाच फेऱ्या पुऱ्या केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी तिसऱ्या फेरीत आम्ही दोघंच उरलेलो. मिलिंद थोडा पुढे. कड्याखालचं पुस्तक उघडलं, तर त्याचं एकोणीस नंबरचं पान गेलेलं आणि माझं सतराही! खाली आल्यावर माझ्या नावाची थाळी वाजली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "तू घेतलंस?"

"वाऱ्याने गेलं असेल रे," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

चौथ्या फेरीला तो गेलाच नाही. म्हटलं, मन खात असणार. परतताना शहाडला त्याने डॉक्टरकडे गाडी थांबवली, "गुडघा दाखवतो, तूही चल." सलाईन मात्र मलाच लागलं. मला त्यातही काळंबेरंच दिसलं. नंतर त्याचे फोन मी उचलले नाहीत.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वर्तकनगरला त्याच्या घरी गेलेलो, तेव्हा त्याच्या बायकोने, सुजाता वहिनींनी, घडी घातलेला कागद हातात दिला. सतरा.

"म्हणजे त्यानेच..."

"त्यांनीच. भाऊजी, तुमची लघवी लाल झालेली त्यांनी पाहिली. अशात पळत राहिलं तर किडनी जाते, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, थांब सांगून तो थांबायचा नाही, पान नसेल तरच थांबेल."

झाडाआड गेलेलो, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाही त्याने?"

"फोन कुठे उचललात?"

गॅलरीत ग्रिलला त्याचे बूट उलटे टांगलेले आहेत. ओल धरू नये म्हणून दर रविवारी तो आतला वर्तमानपत्राचा बोळा बदलायचा. वहिनी अजून बदलतात. परवा मी गेलेलो तेव्हा त्यांनी एक बूट माझ्याकडे दिला, सोबत वर्तमानपत्राचं एक पान...