राणी दिवसभर हाका मारत होती

मंडळी, आमची घोड्यांवरची सहल आज वरोरच्या किनाऱ्यावरून तलासरीच्या डोंगरांकडे निघाली. बाकी सगळे जोडीने आलेत, मी एकटी. माझी घोडी राणी सारखी मागे वळून खिंकाळत होती.

"हिला काय झालंय?" मी घोडेवाल्या काकांना विचारलं.

"ताई, हिचा जोडीदार लंगडत होता, म्हणून त्याला वरोरलाच ठेवला. त्याला बोलवते ती."

समुद्र दिसेनासा झाला, चढ लागला, तरी ती थांबेना.

मुक्कामावर पोचले, तर परदेशातून मुलीचा फोन. "आई, मजा येतेय ना?"

नेहमीसारखं "हो गं" म्हणणार होते. तोंडून निघालं, "तुझी फार आठवण येते."

ती हळूच म्हणाली, "मीटिंग आहे आई, उद्या बोलूया?"

मी सांगायला नको होतं का? तुम्ही सांगता, की "मजेत" म्हणून फोन ठेवता?