काचेवरचं मागणं

आर्डिस टॉलेफसननं उभ्या आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं गावातल्या दोन पिढ्यांना वाढलं, चर्चच्या तळघरात निम्म्या गावाच्या मयताच्या जेवणाला सँडविचं केली. पण घरातली साखर संपली तर शेजारी न जाता ती बर्फातून गाडी काढून दुकानात जायची. अशा बाईवर नवऱ्यासाठी किडनी मागायची पाळी आली.

नवरा लाइल धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, आणि आठवड्यातून तीनदा शेजारच्या शहरात जाऊन यंत्राला जोडून घेणं नशिबी आलं. आर्डिसला मधुमेह, त्यामुळं तिची किडनी बाद. मुलगी जनेल हिचं रक्त जुळेना. मेलेल्या माणसाची मिळायची तर रांग कित्येक वर्षांची, आणि लाइलजवळ तेवढी वर्षं नाहीत, हे डॉक्टरनं आडपडदा न ठेवता सांगितलं. मग म्हणाला, "जिवंत माणूसही एक देऊ शकतो. पण लोकांना कळायला तर हवं. गावभर करा."

जनेलनं मनावर घेतलं. आईच्या गाडीच्या मागच्या काचेवर तिनं पांढरी अक्षरं चिकटवली: 'माझ्या नवऱ्याला किडनी हवी आहे. रक्तगट ओ. तुम्ही देऊ शकता.' खाली हॉस्पिटलचा फोन नंबर, आणि त्याखाली, 'हजारो लोक वाट पाहत आहेत.'

"एवढी मोठी अक्षरं कशाला गं?" आर्डिस म्हणाली.

"वाचता यायला नकोत का?"

"निदान 'जमलं तर' एवढं तरी घाल त्यात."

"आई, बाबा मरतायत. 'जमलं तर' काय?"

पुढं महिनाभर आर्डिस चर्चला गेली की गाडीची पाठ भिंतीकडं करून लावायची. हे जनेलच्या ध्यानात आलं तेव्हा मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं.

गावानं मात्र काही कमी केलं नाही, असं गाव आजही म्हणतं. दारात हॉटडिशची रीघ लागली. खिमा, डबाबंद सूप, वर चीज आणि बटाट्याच्या वड्या, सगळं एका ताटात भाजलेलं. आमच्या मिनेसोटात कुणी आजारी पडो, मरो वा बाळंत होवो, हेच येतं. लाइलला मीठ वर्ज्य, चीज वर्ज्य, बटाटा वर्ज्य. आर्डिस ते सगळं फ्रीजरमध्ये कोंबायची आणि आभाराच्या चिठ्ठ्या लिहायची. मग उपचारासाठी पैसे जमवायला स्पॅगेटीचं जेवण झालं. हिरवे टीशर्ट निघाले, त्यावर लाइलचा मासा धरलेला फोटो. जागृती म्हणाल तर इतकी झाली, की किडनी कुठल्या बाजूला असते हे पोरंसोरंही सांगू लागली. हॉस्पिटलला फोन किती गेले? दोन. एकाचं रक्तदाबामुळं जमलं नाही, दुसऱ्याचं बायकोमुळं.

"काही लागलं तर सांग हं, अगदी मोकळेपणानं," शेजारीण लव्हॉन हाउगन दर रविवारी म्हणायची. तिचा रक्तगट ओ होता. ती रक्तदान करायची, छातीवर बिल्ला लावून.

"नाही गं, चाललंय आमचं," आर्डिस म्हणायची.

म्हणणारच. आमच्याकडं साधी कॉफी घ्यायची तरी पहिल्यांदा 'नको, कशाला त्रास' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'खरंच नको' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, घोटभर दे'. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा, आणि एकदाच विचारणारा कंजूष. लहान पोरालाही हे कळतं इथं. ज्याला देण्याची खरी इच्छा आहे तो तीनदा विचारतोच.

टोनी फेरांटेला हे कळत नव्हतं. ती न्यू जर्सीची, लग्न करून इथं आलेली, शाळेची बस चालवायची. आवाज पत्र्यासारखा. पहिल्या वर्षी चर्चच्या जेवणात तिनं केकच्या शेवटच्या तुकड्याला, कुणी विचारताच, 'आण इकडं' म्हटलं होतं. तिला ओळखायला बायकांना तेवढं पुरलं.

ऑक्टोबरात एका दुपारी हीच टोनी आर्डिसच्या दारात उभी राहिली. आत यायलाही तयार नव्हती. बस चालू ठेवून आली होती.

"आर्डिस, तुझ्या गाडीमागं रोज उभी असते मी सिग्नलला. वाचून वाचून पाठ झालं. माझा गट ओ आहे, तब्येत घोड्यासारखी. लाइलला माझी किडनी देते. चालेल?"

आर्डिसचं काळीज असं उडालं की तिनं दाराची कडी घट्ट धरली. आणि तोंडातून जे गेलं ते जन्मभराच्या सवयीनं गेलं.

"अगं बाई, छे! तुझी लहान पोरं आहेत. एवढं कसं घेणार आम्ही तुझ्याकडून? नको गं."

टोनीनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "तुमची मर्जी." आणि पायऱ्या उतरून गेली.

आर्डिस दार उघडं ठेवून उभीच. बस वळली, गेली. तिनं कॉफी चढवली, दोन कप काढले.

"कोण होतं?" आतून लाइलनं विचारलं.

आर्डिसनं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "तू नको म्हणालीस ना?"

"म्हणजे काय! पहिल्यांदाच कसं..."

"बरोबर. येईल परत."

बिचारे दोघंही खुशीत होते त्या रात्री. टोनी परत येणार, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

ती आली नाही. आर्डिसनं आठवडाभर वाट पाहिली, मग लिंबाच्या वड्या करून बसपाशी गेली. "लाइलला काही झोप नाही बघ हल्ली," ती म्हणाली. "अजून कुणी मिळालं नाही."

"मिळेल गं," टोनी म्हणाली. वड्या मात्र तिनं झटकन घेतल्या.

त्या बाईच्या मनात वेगळंच बसलं होतं. आपण बाहेरच्या, तोंडाळ. या लोकांना आपलं काही नको, किडनीसुद्धा नको. आणि आर्डिसला वाटलं, बाईचा विचार फिरला. आता पुन्हा विषय काढणं म्हणजे तिला लाजवणं. हिवाळाभर दोघी एकमेकींना हात करत राहिल्या. पांढरी अक्षरं बसच्या पुढं धावत होती. काचेवर मागता येत होतं, तोंडावर येत नव्हतं. राग येतो मला या आर्डिसचा, आणि तिला घडवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा त्याहून जास्त.

मार्चमध्ये बसवर दुसराच ड्रायव्हर दिसला. रविवारी पास्टरनं आनंदाची बातमी दिली: आपल्या टोनीनं एका अनोळखी माणसाला किडनी दिली, दोघं सुखरूप आहेत. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. आर्डिसनंही वाजवल्या. शेजारी लाइल बसून होता; त्याला उठवत नव्हतं.

घरी आल्यावर आर्डिसनं हॉटडिश केली, दुसरं काय करणार, आणि ती घेऊन टोनीकडं गेली. टोनी सोफ्यावर पोटाला उशी धरून पडली होती.

"तुझ्याच काचेवर वाचलं ना, हजारो लोक वाट बघतायत म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला नको होती. म्हटलं, ज्याला हवी त्याला देऊ."

"हवी होती," आर्डिस म्हणाली.

"काय?"

"आम्हाला हवी होती. मला वाटलं तू पुन्हा विचारशील."

टोनीच्या तोंडचा रंग गेला. "अगं पण मी विचारलं होतं की," ती म्हणाली, आणि तो पत्र्यासारखा आवाज फाटला. "विचारलं होतं ना मी! हो म्हणायला काय झालं होतं तुला?"

ताट ओट्यावर ठेवून आर्डिस घरी आली. लाइलला तिनं एवढंच सांगितलं, की टोनी बरी आहे.

पुढच्या थंडीत, जमीन दगडासारखी झाल्यावर, लाइल गेला. चर्चच्या तळघरात जेवण झालं. हॅम सँडविचं, लोणची, कॉफी. टोनी मागं दाराशी उभी होती, पुढं यायचं धाडस तिला होत नव्हतं. लव्हॉन किटली घेऊन फिरत आली आणि आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काही लागलं तर सांग हं. अगदी मोकळेपणानं."

"दोन वर्षं सांगत होते," आर्डिस म्हणाली. "गाडीच्या काचेवर."

आसपासचे चमचे थांबले. लव्हॉन कानापर्यंत लाल झाली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं किटली जरा उचलली, "कॉफी देऊ?" म्हणाली आणि सवयीनं पुढच्या कपाकडं वळलीही.

"हो. दे," आर्डिस म्हणाली.

लव्हॉनला मागं यावं लागलं.