माशाचे तेल

महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी वैशाखात आमच्या खासबागेतल्या घराची कौले उतरवली, मोडके वासे बदलले आणि किडीवरचे तेल न लावताच कौले पुन्हा चढवली. उरलेले जुने वासेही किड्यांनी आतून पोखरले होते; बोटाने टोचले तरी पिवळा भुसा गळायचा. सुतार वडिलांना म्हणाला, "अण्णा, वासे उघडे हाईत तवर माशाचं तेल पाजा. कौलं चढल्यावर वरची बाजू गावायची न्हाय." वडील म्हणाले, "देवघराच्या डोक्यावर मासे चढवू व्हय रं?" "किडं कुठं सोवळं पाळत्यात?" म्हणून सुतार कामाला लागला. आषाढात माझी बहीण माहेरी बाळंत झाली. बाळ बारा दिवसांचे असताना वाशाचा कुजका तुकडा अंथरुणावर पडला. तिने दुपटे उचलले, तर बाळाच्या मानेच्या वळीत भुशाने माखलेली पांढरी, लिबलिबीत अळी वळवळत होती. त्याच दुपारी वडिलांनी स्वतः माशाचे तेल मागवले. बाहेर पाऊस, खिडक्या बंद. सुतार खालून तेल फासत होता आणि ओल्या लाकडात ते मुरत नव्हते. थेंब अंथरुणावर, बाळाच्या लंगोटांवर, देवघरातल्या समईवर पडत राहिले. घरभर सडक्या मासळीचा वास कोंडला. आईने दोनदा ओकारी काढली. बहीण वडिलांना म्हणाली, "अण्णा, हेच वैशाखात केलं असतं तर?" वडील उपरण्याने नाक दाबून बसले होते. तिसऱ्या दिवशी, सव्वा महिना पुरा व्हायच्या आत, ती बाळाला घेऊन चिकोडीला सासरी गेली. पुढची दोन्ही बाळंतपणे तिने तिथेच केली.