सिस्टरांची पडवी

लाकडाचा तुकडा हातात आला की सिस्टर आधी तो हुंगायच्या. मग अंगठ्याच्या नखाने थोडं खरवडून पुन्हा हुंगायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "साग न्हाय. फणस असेल." अंदाज खरा निघाला तर त्यांना आनंद व्हायचा आणि चुकला तर त्याहून जास्त, कारण मग ते लाकूड कसलं हे शोधून काढायचं काम उरायचं. तळहाताएवढ्या तुकड्यासाठी त्या रिक्षा करून अलिबागच्या वखारीत जाऊन आलेल्या मी पाहिल्या आहेत.

मी तेव्हा अलिबागच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि रेवदंड्याला त्यांच्या घराच्या मागच्या खोल्यांत भाड्याने राहायचो. सिस्टर मूळच्या पेणकडच्या, मिठागरवाल्या घरातल्या. नर्सची नोकरी सगळी किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यांत झाली. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. निवृत्तीनंतरही गावाला त्यांचं दुसरं नाव सुचलं नाही. कोळीवाड्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली.

सुतारकामाची सुरुवात एका अडलेल्या खणापासून झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा खण उघडेना. सुतार आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी सिस्टरांनी टेबल उलटं करून खण स्वतःच ओढून काढला आणि त्याचा कोपरा पाहून तिथेच बसून राहिल्या. दोन फळ्या, एक खिळा नाही, नुसते एकमेकींत अडकलेले लाकडी दात. त्या मला सांगायच्या, "जन्मभर माणसं आतून कशी असतात ते बघितलं. रोज ज्या टेबलावर पोळ्या लाटल्या ते आतून कसं हाय, ते कधी बघितलंच न्हाय."

मग करवत आली, रंधा आला, पटाश्या आल्या. पडवीत भुसा साचू लागला. पटाश्या त्या जुन्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये गॉझखाली झाकून ठेवायच्या, आणि सरस लावलेला सांधा सुकेपर्यंत त्यावर जखमेची चिकटपट्टी गुंडाळायच्या. बिघडलेल्या वस्तूला त्या 'पेशंट' म्हणायच्या. पहिला पेशंट एक स्टूल होतं. ते डुगडुगलं म्हणून त्यांनी एक पाय थोडा कापला. मग दुसरा जास्त वाटला, म्हणून तोही कापला. असं करत करत आठवड्याअखेरीस स्टुलाचा पाट झाला. सिस्टरांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि त्यावरच मला जेवायला बसवलं. "हाइट गेली, पण तब्येत चांगली हाय," म्हणाल्या.

त्यांच्या जाऊबाईंना हे पटत नसे. बाजारात प्लास्टिकची खुर्ची मिळते, या वयात बोटं कशाला फोडून घ्यायची, असं त्या येता-जाता ऐकवायच्या. सिस्टर शांतपणे म्हणायच्या, "विकत मिळतं ते मला ठाऊक हाय. कसं होतं ते ठाऊक न्हाय."

हिराजी नाखवांची होडी मोडली ती त्याच सुमारास. मुलांनी फायबरची नवी बोट घेतली होती आणि जुनी लाकडी होडी खाडीच्या काठावर चिखलात पडून होती. शेवटी ती फोडून सरपणाला काढली. सिस्टर सहज तिकडे गेल्या आणि एक जाड, काळी पडलेली फळी रिक्षाच्या टपावर बांधून घेऊन आल्या. तिचा चहाला बसायचा बाक करायचा त्यांचा बेत होता. करवत लावून जेमतेम बोटभर काप गेला असेल, तोच फाटकाशी हिराजी नाखवा उभे राहिलेले दिसले. ते आत आले नाहीत.

"सिस्टर, ती माजी होरी हाय," एवढंच म्हणाले.

सिस्टरांनी करवत खाली ठेवली. ही फळी होडीत कुठे होती, असं त्यांनी विचारलं. सुकाणूपाशी, मी बसायचो तिथं, असं सांगून नाखवा निघून गेले. फळी पडवीच्या भिंतीला उभी राहिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पण सिस्टरांनी तिला पुन्हा हत्यार लावलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी न्हाय म्हटलं न्हाय, भाऊ. पण होय पण म्हटलेलं न्हाय."

होळीच्या आधी नाखवांना झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. मुलगे पहाटे बोटीवर जात. धाकटी सून कांचन सगळं करायची, पण सासरे तिच्याशीही बोलत नव्हते. सिस्टर रोज हातापायाचा व्यायाम करून घ्यायला जाऊ लागल्या. नाखवा डोळे मिटून घ्यायचे. परत येताना सिस्टरांचा चेहरा उतरलेला असायचा. दवाखान्यात असताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलेली माणसं पाहिली होती, आणि त्यांचं पुढे काय होतं हेही.

एके दिवशी पाय चोळता चोळता त्यांनी नाखवांना सहज विचारलं की ती फळी अजून माझ्याकडं आहे, तिचं काय करू. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"फली आन."

दुसऱ्या दिवशी मी आणि कांचनच्या नवऱ्याने फळी उचलून नेली. सिस्टरांनी नाखवांनाच विचारून काम सुरू केलं. बसायची उंची किती, पाठ किती कलती, हात टेकायला काय हवं. आखायची पट्टी त्यांच्याकडे होती, तरी त्या सगळं नाखवांना तोंडाने सांगायला लावायच्या. शब्द नीट आला नाही तर पुन्हा विचारायच्या. खाट ओढून दाराशी आणली. नाखवा उजव्या हाताने फळीचं टोक धरायचे, सिस्टर कापायच्या आणि कांचन दुसरी बाजू दाबून धरायची. तिचे प्रश्न तर सिस्टरांपेक्षाही जास्त. रेषेच्या अलीकडं का कापायचं? लाकूड या बाजूनं का सोलवटतं? रोज संध्याकाळी सिस्टर घरी येऊन मला सांगायच्या की आज नाखवा चार वाक्यं बोलले, आज कांचनला रागावले. रागावले हे सांगताना त्यांना विशेष आनंद झाला होता.

बाक तयार झाला तेव्हा तो दारात, खाडीकडे तोंड करून ठेवला. आम्ही तिघांनी धरून नाखवांना त्यावर बसवलं. भरती लागली होती, बोटी आत येत होत्या. नाखवांनी बसल्या बसल्या अंग थोडं हलवून पाहिलं. बाक डाव्या बाजूला किंचित कलत होता. सिस्टर ओशाळल्या. उजवा पाय जरा तासते, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून पटाशी काढायला वाकल्या.

नाखवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. होरीपन डाव्या अंगालाच कलायची."

त्यानंतर ते दीड-दोन वर्षं त्या बाकावर बसले. थोडं चालायलाही लागले. गेले तेही उन्हाळ्यातल्या एका सकाळी, तिथेच. त्याआधीच माझी पनवेलला बदली झाली होती.

गेल्या वर्षी एका रविवारी सिस्टरांना भेटायला गेलो. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती. पटाशी धरता येत नाही, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. मला वाटलं होतं पडवी ओस पडली असेल. पण तिथे कांचन बसली होती, समोर एक अर्धवट कपाट. तिच्याबरोबर कोळीवाड्यातल्या आणखी दोघी. मासळीचं आटोपलं की दुपारी येतात, असं सिस्टर म्हणाल्या.

कांचन दाराचा सांधा बसवत होती आणि तो बसत नव्हता. एक दात उलट्या बाजूने कापला गेला होता. मलासुद्धा ते दिसत होतं, म्हणजे सिस्टरांना कधीच दिसलं असणार. ती काढत होती, फिरवत होती, पुन्हा लावत होती. सिस्टर खुर्चीत पुढे झुकून, वाकडी बोटं मांडीवर ठेवून बघत होत्या. मी हळूच म्हटलं, "सांगत का नाही तिला?"

"गप बसा, भाऊ," माझ्याकडे न बघता त्या कुजबुजल्या. "मी सरळ नवीन फळी घेतली असती. ही काहीतरी वेगळंच करणार हाय. काय ते मला बघायचंय."

माझी अलिबागची रिक्षा बाहेर थांबली होती. मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि खुर्ची ओढून सिस्टरांच्या शेजारी बसलो.