खांद्याची शिवण

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून शिवणखोली होती. खिडकीजवळचं मशीन वहिनीचं. वहिनी ती खरं तर फक्त नणंदेची. पण एकदा नणंद तिला घ्यायला आली आणि दारातूनच "वहिनी, आटप गं!" असं ओरडली, तेव्हापासून नर्सपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणू लागले.

चादरींचे काठ दुमडायचे, अभ्रे शिवायचे, फाटलेले गाऊन सांधायचे, हे तिचं काम. त्यात तिचा एक हट्ट होता. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, शिंपीकामात ज्याला माया म्हणतात, ते ती सढळ हाताने सोडायची. इतर बायका बोटभर सोडत, ही दीड बोट.

"कापड काय तुमच्या माहेरहून येतं?" स्टोअरवाला दरवेळी कुरकुरायचा.

"गाऊन फाटला की तुम्हीच बोंबलत येता," ती मान वर न करता म्हणायची.

नणंद वेगळ्याच मुशीतली होती. ती मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवून, ती तासन्‌तास गप्प राहू शकत असे. समोर ट्रक आला तरी शिकाऊ स्वतःहून वेग कमी करतो का, हे ती आधी बघायची. सुट्टी मिळाली की डोंगरात जायची. डोंगरांच्या धारेवरून जाणारी एक लांबची पायवाट होती. चालून पूर्ण करायला पंधरवडा लागायचा, आणि खाणं, निवारा, अंथरूण सगळं पाठीवर. दोन वर्षांपूर्वी ती एका मैत्रिणीला घेऊन गेली होती. मैत्रिणीच्या टाचेला फोड आला. तिने चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी फोड चिघळला, पाय टेकवेना, आणि नणंद दोन बॅगा आणि एक मैत्रीण घेऊन कशीबशी खाली उतरली. वाट अर्धीच राहिली. त्यानंतर तिने कोणाला बरोबर नेलं नव्हतं.

म्हणून वहिनीने "मी येऊ?" असं विचारलं तेव्हा नणंदेने आधी हातातला चहा संपवला.

"आठ किलो," ती म्हणाली. "बॅग, पाणी, खाणं धरून. त्याच्या वर एक ग्रॅम नाही. आणि आधी एक दिवस पूर्ण ओझं घेऊन चालून दाखवायचं. मला पटलं तर पुढच्या महिन्यात निघू. नाही पटलं तर मी एकटी जाणार. रुसायचं नाही."

"वन्सं, मी कधी रुसलेय?"

"लग्नात. माझ्यावर. दोन दिवस."

वहिनी पन्नाशीला टेकली होती. घर, बसस्टॉप, मशीन, बसस्टॉप, घर, एवढंच तिचं चालणं. गेली काही वर्षं ती "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत आली होती आणि यंदा तिला ते म्हणायचं नव्हतं. कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. आपण सलग किती चालू शकतो हे एकदा बघायचं होतं, इतकंच.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला आला. पहिल्या दिवशी सगळं सामान मिळून चौदा किलोच्या पुढे गेलं, तेही बॅग सोडून. नणंद एकेक वस्तू उचलायची आणि भुवई उंचावायची. स्टीलची बाटली गेली, पातळ प्लॅस्टिकची आली. टॉवेलचा चौथा हिस्सा राहिला. टूथब्रशची दांडी कापली. कपड्यांचा एक जोड अंगावर आणि एक झोपण्यासाठी, बाकी कपाटात. अंथरायची चटई खांद्यापासून कमरेपर्यंतच ठेवली.

"आणि पाय?" वहिनीने विचारलं.

"पायाखाली रिकामी बॅग. पायांना काय झोप लागते का?"

नवरा बाजूला उभा राहून हळूच वस्तू परत आत सरकवायचा. छोटी छत्री. जादा टॉर्च. दोरीचं बंडल.

"असू दे गं, उपयोगी पडेल."

"दादा, तू येतोयस का आमच्याबरोबर?" नणंद विचारायची.

"नाही बुवा."

"मग तुझी छत्री तरी कशाला येतेय?"

तरी काटा आठाच्या खाली येईना. जुनी बॅगच दीड किलोची होती. तेव्हा वहिनीच्या डोक्यात आलं की बॅगच का शिवू नये? तिने तंबूचं पातळ नायलॉन आणलं आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या मशीनवर बसली. जुन्या बॅगेतला आतला कप्पा गाळला, बाहेरचा खिसा गाळला, चेनऐवजी नुसती नाडी घातली. पण ग्रॅम मोजायची चटक लागली की माणूस थांबत नाही. शेवटी तिने बॅग उलटी केली आणि आतली माया कापायला घेतली. दीड बोटाची बोटभर, बोटभराची नखाएवढी, मग तांदळाच्या दाण्याएवढी. कापलेल्या पट्ट्या काट्यावर ठेवल्या तर वीस ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. हे कापड निसरडं असतं, त्याच्या दशा सुटतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. शिवणखोलीत नवीन बाईने असं केलं असतं तर वहिनीने तिची कात्री काढून घेतली असती. पण काटा सात किलो नऊशेवर थांबला आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दोघी पहिल्या बसने डोंगराच्या पायथ्याशी उतरल्या. हवा थंड होती. वहिनी चांगली चालत होती. पहिल्या चढावर मात्र उजव्या पट्ट्याखाली काहीतरी सैल झाल्यासारखं तिला वाटलं. तिने मागे हात नेऊन चाचपलं. शिवणीच्या टोकाला करंगळीचं टोक आत जात होतं.

सांगावं तर इथेच परत फिरायचं, आणि परत फिरलं म्हणजे पुढचा महिना गेला. तिने पट्ट्याच्या मुळाशी मूठ घट्ट धरली आणि चालत राहिली.

"हात का असा धरलायस?" थोड्या वेळाने नणंदेने विचारलं.

"सवय नाही ना. बरं वाटतं असं धरलं की."

"बरं."

दुपारी एका सपाट जागी बसून त्यांनी खाल्लं. वहिनीने बॅग पाठीमागे, भोक खडकाकडे करून ठेवली. उतरताना तिचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. शेवटच्या उतारावर पाय घसरला, तोल सावरायला तिने मूठ सोडली, आणि टर्र असा आवाज झाला. पट्टा सुटला, अख्खी बाजू उसवत गेली, आणि टॉवेलचा तुकडा, डबा, चटई असं एकेक करत सगळं पायवाटेवर आलं.

नणंदेने खाली वाकून बॅग उचलली. काठाला नायलॉनच्या दशा लोंबत होत्या.

"कधीपासून?"

"आत्ता," वहिनी म्हणाली. मग म्हणाली, "पहिल्या चढापासून."

नणंदेने सामान गोळा केलं, चटईत गुंडाळलं आणि वहिनीच्या हातात दिलं. स्वतः त्यातलं काही घेतलं नाही. वहिनी ते गाठोडं पोटाशी धरून बसस्टॉपपर्यंत चालली.

घरी नवऱ्याने दार उघडलं. "काय, भरलं का वजन?"

"वजन बरोबर होतं," नणंद म्हणाली. ती आत आली नाही. बूट न काढता तिथूनच म्हणाली, "वहिनी, पट्टा फाटला त्याचं मला काही नाही. पट्टा कोणाचाही फाटतो. तू दिवसभर मला सांगितलं नाहीस. चौथ्या दिवशी, जिथून उतरायलाही दोन दिवस लागतात तिथे असं केलंस तर मी काय करू?"

वहिनीने गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ," नणंद म्हणाली. " तोच चढ. त्यानंतर विचारू नकोस."

वहिनीने बॅग पूर्ण उसवली आणि नव्या कापडाची शिवली. दीड बोट माया, दुहेरी टीप, पट्ट्याच्या मुळाशी आतून चौकोनी ठिगळ. वजन वाढलं, म्हणून झोपण्याच्या कपड्यांतला सदरा काढला. नवऱ्याने "थंडी वाजेल" म्हटलं. "वाजू दे," ती म्हणाली.

त्या रविवारी ढग होते. पट्टे जागच्या जागी होते. पहिला चढ निम्मा झाला असेल, तेवढ्यात डाव्या पायाचं मधलं बोट बुटात घासू लागलं. दुखत नव्हतं, नुसतं जाणवत होतं. वहिनी आणखी थोडी चालली. नणंद पुढे होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. एवढ्याशासाठी कशाला थांबायचं, असं वहिनीच्या मनात आलं. आणि थांबलं तर ही म्हणेल, बोटसुद्धा सांभाळता येत नाही. दोन्ही तिला खरंच वाटलं.

"वन्सं," ती म्हणाली. "थांबा. बोट घासतंय."

नणंद थांबली. दोघी वाटेच्या कडेला बसल्या. वहिनीने बूट काढला. बोट जरासं लाल झालं होतं. नणंदेने चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्याभोवती गुंडाळला, आणि उरलेली पट्टी खिशात न टाकता स्वतःच्या बुटाची नाडी सोडू लागली.

"तुम्हाला काय झालं?"

"टाच घासतेय. बसमधून उतरल्यापासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत!"

"तू बोलतेस का ते बघत होते."

"वा! म्हणजे मी गप्प बसले असते तर तुम्ही टाच सोलून घेतली असती?"

"घेतली असती," नणंद म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. "बावळटपणाच की हा. जरा धर ती पट्टी."

वहिनीने पट्टी ताणून धरली. नणंदेने ती दातांनी तोडली, टाचेवर दाबून बसवली आणि बूट चढवला.

"सोमवारी रजेचा अर्ज टाक," ती उठत म्हणाली. "पंधरा दिवसांचा नको. अठरा दिवसांचा टाक. असं थांबत थांबत गेलो तर वेळ लागणार."